बिनखांबाचं घर

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. मी म्हणतो, ते दुसऱ्याला बांधू द्यावं आणि आपण समोर बसून पाहावं. नेकनूरच्या मन्मथप्पांचं घर मी असंच पाहिलं, पायाच्या चरीपासून फरशीच्या पॉलिशपर्यंत. माझी पिठाची गिरणी त्यांच्या किराणा दुकानाला लागून. गिरणीत जन्म गेल्यामुळे मला हळू बोलता येत नाही आणि अप्पांना हळू बोललेलं आवडत नाही, म्हणून आमचं जमलं. शाळेत एका बाकावर होतो. चारचौघांत मी त्यांना अप्पा म्हणायचो, दोघंच असलो की अप्प्या. ते मात्र मला कायम त्रिंबक्याच म्हणायचे, समोर गिऱ्हाईक असो की पाहुणा.

माणूस ऐटीचा. लिंगायत वाण्याचं घराणं, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी आणि अंगात पांढराशुभ्र शर्ट. दिवसभर गूळ-तेलात वावरूनही त्या शर्टावर डाग सापडायचा नाही. बोलणं असं, की ऐकणाऱ्याला वाटावं हा वाघाच्या जबड्यात हात घालून दात मोजून आलाय. आणि नुसतं बोलणंच नाही. एकदा बाजाराच्या दिवशी बैल उधळला, तेव्हा सगळे दुकानांत शिरले आणि अप्पा एकटे रस्त्यात उभे राहून त्याची शिंगं धरून त्याला शिव्या घालत होते. अशा माणसाला छताची भीती वाटते असं मी परगावच्या कोणाला सांगितलं असतं, तर त्यानं मलाच वेड्यात काढलं असतं.

पण वाटत होती, आणि ती कुठून आली हे मला ठाऊक होतं.

किल्लारीकडं भूकंप झाला त्या पहाटे आमच्याकडं नुसती भांडी वाजली. मांजर पडलं असेल म्हणून मी कूस बदलली. दुपारपर्यंत बातम्या आल्या. अप्पांची धाकटी बहीण वच्छलाबाई औसा तालुक्यात दिलेली होती. गावानं घरोघर भाकरी थापल्या, ट्रक भरला, आणि आम्ही दोघं त्या ट्रकवर बसून गेलो. मी भाकरी वाटून त्याच ट्रकनं परत आलो. अप्पा मागं राहिले. वच्छलाबाईचं घर दगडमातीचं, भिंती दोन-दोन हात रुंद, वर मातीचं माळवद. त्या भिंतींचा तिला फार अभिमान होता. अप्पांनी तिथं हातानं दगड उचलले. परत आले तेव्हा बोटांना नखं राहिली नव्हती. तिथं काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी दुकानासमोर रस्त्याच्या कडेला खाट टाकली.

"आत उकडायलंय," म्हणाले.

थंडी पडली तेव्हा म्हणाले, मोकळी हवा बरी. पाऊस आला तेव्हा चार बांबूंवर ताडपत्री बांधली. आमची सगळी घरं तशीच, दगडाची नि माळवदाची. दुकानाची गादीसुद्धा त्यांनी आतून उचलून पुढच्या ओट्यावर आणली. आतलं पोतं, डबा, तराजू, जे काही लागेल ते शिवगंगावहिनी आणून द्यायच्या. वहिनी मोजकं बोलणाऱ्या. दुकानामागच्या दोन खोल्यांत त्या आणि लेक अपेक्षा झोपायच्या, आणि मालक रस्त्यावर. मी अप्पांच्या चपलेपासून चालीपर्यंत सगळ्याची थट्टा केली, पण खाटेची कधी केली नाही.

मग काही वर्षांनी एक दिवस त्यांनी बीडच्या रस्त्याला, गावाबाहेर मोकळ्यात, जागा घेतली. "लोखंडाचं घर बांधायचंय," एवढंच म्हणाले.

तेव्हा नेकनुरात सिमेंटची घरं नव्यानं यायला लागली होती. दर महिन्याला बाजारात काहीतरी नवीन दिसायचं. एसटीडीचा पिवळा बूथ आला, रंगांची शेडकार्डं आली, सळई कोणत्या कंपनीची घ्यावी यावर चहाच्या टपरीवर भांडणं व्हायला लागली. बीडच्या इंजिनिअरनं नकाशा दिला. अप्पांनी तो पाहिला आणि सगळे कॉलम जाड करायला लावले. इंजिनिअर म्हणाला, गरज नाही. अप्पा म्हणाले, तुमाला नसंल. मग बीम जाड झाले. पायासाठी एवढं खोल खणलं, की आमचा म्हाळू गवंडी चरीतून डोकं वर काढून ओरडला, "शेठ, घर बांधायलाव का पालीचं धरण?"

"धरणच बांध," अप्पा वरून म्हणाले.

सळयांना सळया बांधायची तार असते ना, ती प्रत्येक गाठ अप्पा स्वतः ओढून बघायचे. दुकान वहिनींवर सोडून दिवस दिवस तिथं. म्हाळू वैतागला, पण कामही असं करायला लागला, की जणू त्याचीच परीक्षा आहे. स्लॅबच्या दिवशी बीडहून मिक्सर आला, बायाबापड्यांची रांग लागली, घमेली हातोहात वर जायला लागली, आणि अर्धं गाव लग्न पाहायला यावं तसं येऊन उभं राहिलं. संध्याकाळी अप्पांनी सगळ्यांना जिलेबी वाढली. दुसऱ्या दिवसापासून स्लॅबवर मातीची आळी घालून त्यांत पाणी सोडलं. एकदा मी शिडीनं वर गेलो आणि जागीच थांबलो. सगळं छत पाण्यानं भरलेलं, आणि प्रत्येक आळ्यात आभाळाचा एक तुकडा. आमच्या नेकनुरात उन्हाळ्यात माणसाला प्यायला पाणी मिळत नाही, आणि इथं घर पाणी पीत होतं. अप्पा कडेला उकिडवे बसून हातानं पाणी सारखं करत होते. स्लॅबच्या वर बसायला त्यांना काहीच वाटत नव्हतं.

खरी गंमत पुढं झाली. सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचा लाकडी आधार, उतरवायचा दिवस आला. खालच्या बल्ल्या एक-एक करून निघायला लागल्या आणि फळ्या धडाधड खाली पडायला लागल्या. शेवटची बल्ली म्हाळूनं हातोड्याच्या दोन घावांत पाडली आणि तिथंच, बरोबर छताच्या मधोमध, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. गवंड्याची रीत आहे म्हणाला. ज्यानं बांधलं त्यानं आधी खाली उभं राहायचं. मग आम्ही आत गेलो.

काय सांगू? आमची घरं खणांत मोजायची. दर दोन पावलांवर लाकडी खांब, खांबांवर तुळई, तुळईवर लाकडी पट्ट्यांचं किलचन, त्यावर माती. अंधारातसुद्धा कुठला खांब कुठं आहे ते पाठीला ठाऊक असतं, कारण खांबाला पाठ टेकल्याशिवाय आमचं जेवण उतरत नाही. आणि इथं ही एवढी मोठी बैठकीची खोली, तिच्यात एकही खांब नाही! वर दगडासारखं सपाट छत आणि त्याला खालून कुणाचा हात नाही. मी उगाच मधोमध जाऊन गोल फिरलो. माझा आवाज चारी भिंतींवरून परत आला. भाजीवाली सुभद्राबाई बघायला आली होती. तिनं दारात चपला काढल्या, मान वर करून छताला हात जोडले आणि म्हणाली, "बया, हे कशाच्या आधारानं ऱ्हायलंय?"

अप्पा तेव्हा कुठं होते? रस्त्यापलीकडं, लिंबाच्या झाडाखाली.

"कसं हाय बे?" तिथून ओरडले.

"ये की आत! बघ तरी!"

"मला हितनं दिसायलंय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की स्लॅब घातल्यापासून हा माणूस एकदाही त्याच्याखाली आलेला नाही. गिलावा झाला तो लिंबाखालून. वायरिंग झालं ते लिंबाखालून. 'ते बटन जरा खाली घे', 'त्या कोपऱ्यात मसाला कमी पडलाय', सगळं उंटावरून शेळ्या हाकणं. आणि चुकत काही नव्हतं, कारण नजर घरावरून हलतच नव्हती.

संध्याकाळी दुकान बंद झालं की आम्ही दोघं त्या लिंबाखाली वाळूच्या ढिगावर जाऊन बसायचो. उन्हं उतरली, की नव्या चुन्याच्या भिंती आधी पिवळ्या व्हायच्या, मग हळूहळू निळसर. जिना बाहेरून वर चढत गेलेला. खिडक्यांना जाळी बसली, मग काचा बसल्या, आणि काचांत रस्त्यावरून जाणारी एसटी एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं निघून जायला लागली. एकदा वहिनी आत गेल्या आणि त्यांनी दिवा लावला. नुसता एक पिवळा बल्ब, पण ते रिकामं घर आतून उजळलं, आणि अप्पांनी माझा हात धरला. जत्रेत गर्दी असली, की गाभाऱ्यापर्यंत जाता येत नाही, मग लोक लांबून कळसाला हात जोडतात. अप्पांचं तोंड तसं झालं होतं. स्वतःच्या घराचं कळसदर्शन घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

वहिनी मात्र आत-बाहेर करायच्या. स्वयंपाकघरात उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा झाला होता, त्यावरून हात फिरवायच्या. नळ सोडायच्या, बंद करायच्या, परत सोडायच्या. शेडकार्डातून स्वयंपाकघराला मोरपंखी रंग त्यांनी निवडला, आणि तो भिंतीला लागला तेव्हा तोंडाला पदर लावून किती तरी वेळ बघत राहिल्या. मला म्हणाल्या, "भावजी, हे मपलं हाय, असं अजून वाटत न्हाई बघा."

अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरला. फक्त फरशीचं पॉलिश राहिलं होतं. लिंगायतांची रीत अशी, की नव्या घरात आधी जंगमस्वामींची पावलं यायची. त्यांच्यामागून नवरा-बायकोनं जोडीनं उंबरा ओलांडायचा, आत पाटावर जोडीनं बसून स्वामींची पाद्यपूजा करायची. त्यासाठीच मी दुकानी गेलो होतो, पंगतीला किती दळण लागेल ते विचारायला. अप्पा ओट्यावर, वहिनी दारात.

अप्पा म्हणाले, "मांडव अंगनातच घालू. स्वामी तितं बसतील, पूजा तितं, पंगत तितं. उन्हाळ्याचं आत कोन उकडून घ्यायलंय?"

"आन् मंग?" वहिनींनी विचारलं. "आमी मायलेकी आत, तुमी भाईर?"

"अंगनातच हाय की म्या. कुठं पळून चाललोय?"

वहिनींनी हातातलं सूप खाली ठेवलं. एवढं बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं. "म्या त्या घरात एकटी न्हाई ऱ्हायची. तुमी आत आलाव तर ते घर. न्हाई तर कुलूप घाला आन् किल्ली हिरीत टाका. मला हितलीच खोली बरी."

आणि त्या आत गेल्या. अप्पा तराजूकडं बघत बसले. मला राग आवरेना. मी म्हणालो, "अप्प्या, लाज वाटू दे बे. एवढं लोखंड गाडलंयस, भ्यायचं कावून?"

त्यांनी वर पाहिलं. "त्रिंबक्या, तू टरकनं माघारी गेलतास. म्या तितं व्हतो."

मी दळणाचं न विचारताच गिरणीत परतलो.

पुढचे दिवस वाईट गेले. दोघंही आपापल्या शब्दाला घट्ट. वहिनी बोलल्या म्हणजे केल्याशिवाय राहणार नाहीत, हे अप्पांना ठाऊक होतं. तरी रोज दोघं घराकडं जायचे. वहिनी आत झाडलोट करायच्या, अप्पा लिंबाखाली. तयार झालेलं घर दोघांच्या मधे उभं होतं. गावात कुजबुज सुरू झाली, की मन्मथप्पा घर भाड्यानं देणार. असलं घर, आणि त्यात परक्याची वळकटी!

मुहूर्ताच्या आधीच्या सोमवारी मी दुपारी तिकडं गेलो, कारण लाईट नव्हती आणि गिरणी बंद होती. ऊन मी म्हणत होतं. पॉलिशवाले यंत्र बंद करून रस्त्यापलीकडं शेडमध्ये जेवायला बसले होते. अपेक्षा मामाकडं लिंबागणेशला गेलेली. वहिनी नव्या नळावर अंघोळ करून मधल्या खोलीत पूजेला बसल्या होत्या. लिंगायतांत बायकाही गळ्यात लिंग बांधतात आणि रोज पूजतात. ते डबीतून काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती, बेल, पाणी वाहायचं आणि नजर त्यावर ठेवून बसायचं. तळहातावर लिंग आहे तोवर उठायचं नाही, बोलायचं नाही, मग जग इकडचं तिकडं होवो. घराला पहिली पूजा पोचावी म्हणून त्या तिथं बसल्या असतील, असं मला वाटलं. दोन्ही दारं उघडी, त्यामुळं लिंबाखालून त्यांची पाठ सरळ दिसत होती. पॉलिश झालेल्या फरशीत त्यांचं प्रतिबिंब पडलं होतं. ती पाठ, ती चकाकती फरशी, वर ते आधाराशिवायचं छत. अप्पा पापणी न हलवता बघत होते.

आणि जमीन हादरली.

शेजारच्या धर्मराजच्या शेतात नव्या विहिरीचं काम चालू होतं. मजूर जेवायला वर आले, की सुरुंगाचे बार उडवायचे, हे आमच्याकडं नेहमीचंच. पण घराच्या इतक्या जवळ खडक त्या दिवशी पहिल्यांदाच लागला होता. दणका आधी पायांना कळला, मग कानाला. खिडक्यांच्या काचा खणखणल्या, लिंबावरचे कावळे उठले. अप्पा उभे राहिले ते थेट रस्त्याच्या मधोमध, मोकळ्या आभाळाखाली. चेहरा विभूतीसारखा पांढरा. मी ओरडलो, "बार हाय, अप्प्या, हिरीचा बार!" त्यांना ऐकू गेलं नाही. ते घराकडं बघत होते.

"शिवगंगे! भाईर ये! भाईर ये!"

पाठ हलली नाही.

दुसरा बार उडाला. अप्पा धावले. आयुष्यात मी त्यांना तसं धावताना पाहिलं नव्हतं, चप्पल एकीकडं, उपरणं एकीकडं. पायऱ्या चढले आणि दाराच्या चौकटीला हात लावून थांबले. समोर घर, मागं रस्ता. एक श्वास, दोन श्वास. मग त्यांनी उंबरा ओलांडला.

मी मागं गेलो. अप्पांनी वहिनींच्या खांद्याकडं हात नेला, ओढून बाहेर काढायला, आणि तो हात तिथंच अडला. वहिनींच्या तळहातावर लिंग होतं. त्यांचे ओठ थरथरत होते, कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, पण तळहात साठलेल्या पाण्यासारखा स्थिर. पूजेतल्या माणसाला ओढणार कसं? त्यांना सोडून बाहेर तरी जाणार कसं? अप्पा वहिनींशेजारी फरशीवर बसले. उरलेले बार उडाले. प्रत्येक दणक्याला अप्पांचं अंग आखडायचं, डोळे वर जायचे. छत होतं तसंच होतं. चुन्याचा एक पापुद्रा सुटून त्यांच्या शर्टावर पडला, तेवढाच.

मग सगळं शांत झालं. इतकं, की नळाचा एकेक थेंब ऐकू यायला लागला. बाहेर फुफाटा, आणि इथं ओल्या भिंतींचा गारवा. अप्पा मान वर करून छत बघत राहिले. या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांनी बांधलं होतं आणि पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"वच्छीच्या घरात बी असंच गार वाटायचं," हळू म्हणाले. त्यांना हळू बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

वहिनींनी पूजा पुरी केली, लिंग डबीत ठेवलं, नमस्कार केला आणि बाजूला पाहिलं. तोवर अप्पा आडवे झाले होते. उशाला हात, अंगाखाली काही नाही. बघता बघता श्वास जड झाला आणि घोरायला लागले. मुहूर्ताच्या आधी नव्या घरात झोपू नये म्हणतात. वहिनी असल्या बाबतीत फार काटेकोर, पण त्यांनी हाक मारली नाही. त्यांच्या शर्टावरचा चुना तेवढा बोटानं झटकला.

मी विचारलं, "वहिनी, तुमाला भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं की." त्या अप्पांकडंच बघत होत्या. "रोजच वाटतंय, भावजी. त्या माळवदाखाली म्या पोरीला कुशीत घेऊन रातभर वर बघत ऱ्हाते. बाईमाणसानं बाजारात खाट टाकावी का?"

रस्त्यावरच्या खाटेची सगळ्या गावाला काळजी होती. आत कोण झोपतंय, कसं झोपतंय, हे इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं, त्यांच्या नवऱ्यानं नव्हतं, कुणीच नव्हतं. एवढा मोठा स्लॅब कशावर उभा आहे ते मला म्हाळूनं समजावलं होतं. ही बाई कशावर उभी होती ते मला आजही सांगता येणार नाही.

पॉलिशवाले हात धुऊन दारात आले. वहिनी भिंतीला टेकल्या, पाय पसरले आणि डोळे मिटता मिटता म्हणाल्या, "भावजी, त्यांना म्हनावं आज मिशीन बंद. मालक झोपलेत. आन् म्या बी झोपते जरा."

मी पॉलिशवाल्यांना घेऊन बाहेर आलो आणि दार लोटून घेतलं.